साडेसातच्या आतला वसंत

प्राणिसोबती : वाचकांचे प्रश्न

पळस फुलला की या सदराच्या टपालाचा रंगही बदलतो. थंडीत सांधेदुखी आणि स्वेटर यांविषयी विचारणारे श्वानपालक फेब्रुवारीच्या अखेरीस एकदम बाहेर पडण्याविषयी विचारू लागतात : कुत्र्याला कुठे न्यावे, किती वाजता न्यावे, सोबत काय घ्यावे. या वेळची जवळजवळ सगळी पत्रे नागपूर आणि आसपासची आहेत. त्यामुळे उत्तरेही इथले ऊन आणि इथले रस्ते डोळ्यांसमोर ठेवूनच दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचा लॅब्राडॉर तीन वर्षांचा आहे. हिवाळाभर सकाळी आठला निघून आम्ही त्याला दीड-दोन तास फिरवत होतो. आता मात्र तो अर्ध्या वाटेत सावली पाहून बसकण मारतो आणि कितीही ओढले तरी उठत नाही. तो आळशी झाला आहे की आजारी आहे? वसंत ऋतूत त्याला शहरात कुठे न्यावे, तेही सुचवावे. — एक वाचक, लक्ष्मीनगर

उत्तर : आपल्या कुत्र्याला जे फेब्रुवारीतच कळले, ते आपल्याला कळायला थोडा उशीर झाला, एवढेच. त्याचे खाणेपिणे नेहमीसारखे असेल, हिरड्या गुलाबी असतील आणि घरी आल्यावर तो पुन्हा खेळत असेल, तर आजाराची शंका घेण्याचे कारण दिसत नाही. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा असला तरी नागपुरात वैशाखाला वसंत म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही. इथला खरा वसंत फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा असतो आणि त्यातही तो दिवसभर राहत नाही. मार्चमध्ये इथले दुपारचे सरासरी कमाल तापमान ३६ अंशांच्या आसपास असते, एप्रिलमध्ये ते चाळिशी गाठते. म्हणून माझ्या मते इथला वसंत महिन्यांत मोजण्यापेक्षा तासांत मोजावा. मार्चच्या मध्याला सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो. तेव्हापासून साडेसातपर्यंतचा जो तास आहे, तो आपल्या लॅब्राडॉरचा वसंत समजावा.

यामागचे शरीरशास्त्र साधे आहे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. आपल्यासारखा सर्वांगाला घाम येण्याची सोय त्याला नाही. पंजांच्या गादीतून थोडासा घाम येतो, तेवढाच. उरलेली सगळी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर टाकावी लागते. लॅब्राडॉरसारख्या दाट केसांच्या, अंगाने भरलेल्या आणि धन्याला खूश ठेवण्यासाठी दमेपर्यंत धावणाऱ्या जातीला हे काम अधिकच जड जाते. आपला कुत्रा स्वतःहून थांबतो, ही आपल्यावर केलेली कृपा समजावी. न थांबणारे कुत्रे थेट दवाखान्यात येतात.

रस्त्याचाही विचार करावा. डांबरावर हाताची पालथी बाजू टेकवून सात सेकंद ठेवून पाहावी. ती ठेववत नसेल तर तो रस्ता कुत्र्याच्या पंजांसाठी नाही. गेल्या काही वर्षांत शहरातील बरेच रस्ते सिमेंटचे झाले असून तेही ऊन धरून ठेवतात, हे संध्याकाळी विशेष लक्षात घ्यावे. सूर्य मावळला, वारा सुटला, आपल्याला बरे वाटले, म्हणून साडेसहाला निघालेल्या कुत्र्याचे पोट मात्र त्या तापलेल्या रस्त्यापासून वीतभर अंतरावर असते. मार्चमध्ये संध्याकाळची फेरी आठनंतर आणि शक्यतो मातीच्या कडेने असावी.

वेळ कमी झाली म्हणून कुत्र्याचे नुकसान होईल, अशी भीती बाळगू नये. फिरणे म्हणजे अंतर कापणे ही आपली समजूत आहे. कुत्र्याच्या लेखी फिरणे म्हणजे हुंगणे. एका सकाळी सेमिनरी हिल्सच्या चढावर माझी झिपरी नावाची देशी कुत्री काटेसावरीच्या एका गळलेल्या फुलापाशी थांबली. फूल जाड, मेणचट, लाल, अर्धे मुंग्यांनी भरलेले. तिने आधी ते दुरून हुंगले, मग नाकाने उलटे केले, आतल्या बाजूला नाक खुपसून एक शिंक दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या कामाला घड्याळात चार मिनिटे लागली. त्या दिवशी आम्ही जेमतेम एक किलोमीटर चाललो आणि घरी येऊन ती दुपारपर्यंत गाढ झोपली. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, कारण दोन्ही कामांना श्वास एकच असतो. म्हणजे उन्हात दोन तास फिरवलेल्या कुत्र्याची खरी सहल होतच नाही.

आता जागांविषयी. सेमिनरी हिल्सचा परिसर, सिव्हिल लाइन्समधील जुन्या झाडांच्या सावलीचे रस्ते आणि लेडीज क्लब चौकाकडून जपानी गार्डनकडे जाणारा रस्ता हे माझ्या पसंतीचे आहेत. तिथे झाडांची छाया सलग आहे आणि या दिवसांत पानगळ, मोहर, फुले आणि पक्षी या सगळ्यांचा वास जमिनीवर उतरलेला असतो. फुटाळा तलावाच्या काठी सुटीच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नये; खाद्यपदार्थांच्या गाड्या, सांडलेली भेळ, गर्दी आणि भोंगे यांच्यात कुत्र्याला आनंद नसतो आणि आपला सगळा वेळ त्याच्या तोंडातून काहीतरी काढण्यात जातो. महाराजबाग, अंबाझरीचे जैवविविधता उद्यान यांसारख्या कुंपण घातलेल्या ठिकाणी कुत्रा नेण्याचा बेत मुळातच आखू नये, आणि इतर कोणत्याही बागेत शिरण्यापूर्वी फाटकावरच्या माणसाला विचारावे. आत जाऊन हुज्जत घालणारा एक श्वानपालक पुढच्या दहा जणांची वाट बंद करतो.

प्रश्न : आमच्याकडे पग आहे. पहाटे फिरवले तर त्याला रविवारी गाडीने हिंगण्याकडे सहलीला नेता येईल का? — मनीषनगर

उत्तर : फेब्रुवारीत नेता येईल, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर नेऊ नये. पग, बुलडॉग, शित्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींची श्वासनलिका आणि नाकपुड्या मुळातच अरुंद असतात, त्यामुळे धापा टाकून अंग गार करण्याची यंत्रणा त्यांच्यात अर्धवटच चालते. त्याच्या गळ्यात पट्टा न अडकवता छातीला बसणारा हार्नेस वापरावा आणि त्याचे वजन वाढू देऊ नये. वाटेत चहासाठी थांबताना त्याला गाडीत बंद करून ठेवू नये. बाहेर सुखद चोवीस अंश असले तरी उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते. खिडकीची फट उघडी ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : होळीनंतरच्या सुटीत आम्ही दोन कुटुंबे रामटेक, खिंडसी तलाव आणि पुढे पेंच असा बेत आखत आहोत. आमची जर्मन शेफर्ड कुत्री अत्यंत आज्ञाधारक असून तिचे सर्व लसीकरण झाले आहे. तिला जंगलात फिरवता येईल का? काही नातेवाईक म्हणतात की परवानगी मिळत नाही, पण बंद गाडीत असेल तर हरकत काय? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : आपले नातेवाईक बरोबर सांगतात. महाराष्ट्रातले पेंच १९९९ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. सिल्लारी, चोरबाहुली किंवा खुर्सापार यांपैकी कोणत्याही फाटकातून पाळीव कुत्रा आत नेता येत नाही, मग तो बंद गाडीत असो वा मांडीवर. हाच नियम उमरेड-करांडला अभयारण्याला आणि शहराच्या उंबरठ्यावरच्या गोरेवाड्याच्या जंगल सफारीलाही लागू आहे, असे गृहीत धरूनच बेत आखावा.

हरकत काय, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नियमाच्या पुढे जाऊन द्यायला हवे. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार मोठ्या मार्जारकुळातील प्राण्यांनाही होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीमध्ये या आजाराच्या साथीत तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. आपल्याकडे २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत तेवीस सिंह मेले, तेव्हाही मेलेल्या सिंहांमध्ये हा विषाणू आढळला होता. आपल्या कुत्रीचे लसीकरण झाले आहे, हे उत्तमच आहे. परंतु फाटकावरचा वनरक्षक प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या लसीची वही तपासू शकत नाही. शिवाय कुत्र्याच्या नुसत्या वासानेही चितळ-सांबर बिथरतात.

उलट बाजूही आहे. बिबट्याच्या आहारात कुत्रा हा नेहमीचा पदार्थ आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या भरवस्तीत, गायत्रीनगर आणि आयटी पार्कच्या परिसरात बिबट्या दिसल्याचे आपल्याला आठवत असेलच. जंगलाच्या कडेच्या गावांत तर तो पाहुणा नसून रहिवासीच असतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले गळतात, ती वेचायला गावातल्या बाया अंधारातच निघतात आणि त्याच झाडांखाली अस्वलेही येतात. अशा वेळी मोकळा सुटलेला शेफर्ड अस्वलावर भुंकत जातो आणि अस्वल मागे लागले की धावत धन्याकडे, म्हणजे आपल्याकडेच, परत येतो. आज्ञाधारकपणाची परीक्षा घेण्याची ही जागा नव्हे. जंगलाच्या कडेला मुक्काम करणार असाल तर सूर्यास्तानंतर तिला खोलीत ठेवावे आणि रात्री बाहेर न्यावेच लागले तर आखूड पट्ट्याने, विजेरी घेऊन, अंगणातच न्यावे.

रामटेकच्या गडावरही तिला नेऊ नये. तिथली माकडे प्रसादाच्या पिशव्यांना सरावलेली आहेत आणि कुत्र्याला मुळीच भीत नाहीत. पायऱ्यांच्या गर्दीत माकडांची टोळी आणि शेफर्ड समोरासमोर आले तर चावा कोणाला बसेल, हे सांगता येत नाही. खिंडसीच्या काठी मात्र सकाळी लवकर पोहोचल्यास लांब दोरीवर तिला मनसोक्त हिंडू द्यावे. काठावरच्या उघड्या, खडकाळ जमिनीवर टिटवी घाबरून, डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर तिथून बाजूला व्हावे. याच दिवसांत टिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालते; ती खड्यांसारखीच दिसतात आणि आपल्याला दिसली नाहीत तरी कुत्र्याच्या नाकाला सापडतात.

एक सूचना पत्रात न विचारलेल्या गोष्टीविषयी. रामटेक-पारशिवनीच्या वाटेवर पेंच प्रकल्पाचे कालवे लागतात आणि पाणी पाहून गाडी थांबवण्याचा मोह होतो. कालव्याचा सिमेंटचा उतार शेवाळलेला असतो. कुत्रा उतरतो सहज, पण वर येताना त्याच्या नखांना धरायला काही मिळत नाही. अशा वेळी त्याच्यामागे माणसाने उडी घेणे, हा त्याहून मोठा अपघात ठरतो. कालव्याकाठी पट्टा सोडू नये.

प्रश्न : तलावात पोहू देणे कितपत सुरक्षित आहे? — हिंगणा रोड

उत्तर : शहरातल्या तलावांत उतरू देऊ नये. सांडपाणी, जलपर्णी, विसर्जनानंतर उरलेले खिळे आणि तारा आणि मासेमारीचे गळ यांमुळे तिथल्या अंघोळीची किंमत मोठी असते. मोहगाव झिल्पीसारख्या शहराबाहेरच्या तलावावर पाणी स्वच्छ दिसत असल्यास थोडा वेळ हरकत नाही, मात्र पाण्यावर हिरव्या रंगाची, ताकावरच्या लोण्यासारखी साय धरलेली असेल तर एक घोटही पिऊ देऊ नये. ते नीलहरित शैवाल असू शकते आणि त्याचे विष कुत्र्याच्या यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर तासाभरातही परिणाम करू शकते. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रावाटे येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस बहुतेक एकत्रित लसींमध्ये असते. ती वर्षाच्या आत दिलेली आहे ना, हे निघण्यापूर्वी वहीत पाहावे. आपल्या जिल्ह्यात काही तलावांत शिंगाड्याची शेती होते. हंगाम संपल्यावर काठावर पडलेली वाळलेली शिंगाड्याची टरफले पंजात काट्यासारखी घुसतात, हा अनुभव घेतल्याशिवाय कोणाला खरा वाटत नाही. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.

प्रश्न : कळमेश्वरकडे आमची संत्र्याची बाग आहे. शनिवार-रविवारी आमचा देशी कुत्रा तिथे मोकळा धावतो, हेच त्याचे सुख. पण परत आल्यावर प्रत्येक वेळी अंगावर गोचीड सापडतात आणि मागच्या महिन्यात तो सारखे डोके झटकत होता. बागेत नेणे बंद करावे का? संत्रे दिलेले चालते का? — एक वाचक, काटोल रोड

उत्तर : बंद करू नये. शहरात राहणाऱ्या कुत्र्याला स्वतःची बाग मिळणे हे भाग्य आहे. फक्त परत निघण्यापूर्वीची वीस मिनिटे त्याच्यासाठी राखून ठेवावीत.

आधी डोके झटकण्याविषयी. मार्चमध्ये गवत वाळते आणि बांधावरच्या कुसळांना धार येते. कुसळाची रचना पाहण्यासारखी असते : पुढे सुईसारखे टोक, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस आणि मागे पिळलेली लांब शेपूट. ओल लागली की ती शेपूट उलगडत फिरते आणि टोक स्क्रूसारखे आत जाते. उलट्या केसांमुळे ते मागे कधी येत नाही. जमिनीत बी रुजवण्याची ही गवताची युक्ती आहे, आणि कुत्र्याचा कान किंवा दोन बोटांमधली बेचकी त्याला जमिनीइतकीच चालते. झिपरीच्या बाबतीत माझी चूक अशी झाली की ती पुढचा डावा पंजा चाटत राहिली आणि मी ती सवय समजून चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी बोटांमध्ये करवंदाएवढी सूज आली. डॉक्टरांनी ती उघडून चिमट्याने जे बाहेर काढले, ते जेमतेम नखाएवढे होते आणि अजूनही टोकदार होते. आपला कुत्रा अजूनही डोके झटकत असेल, मान एका बाजूला कलती धरत असेल, तर कानात तेल किंवा कोणतेही थेंब न घालता त्याला पशुवैद्याकडे न्यावे. आत काय आहे हे उपकरणाने पाहिल्याशिवाय कळत नाही. सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना अशा कामासाठी आपल्या वाटेपासून फार दूर नाही.

गोचिडांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तो नुसता खाजेचा नाही. तपकिरी गोचीड अर्लिकिया आणि बॅबेसिया यांसारखे रोगजंतू रक्तात सोडते; ज्याला आपण सरसकट गोचीडताप म्हणतो, तो बहुतेक वेळा यांचाच असतो. चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप, अन्नावरची वासना जाणे, हिरड्या फिकट पडणे, नाकातून रक्त येणे किंवा लघवी गडद होणे यांपैकी काहीही दिसले तर रक्त तपासून घ्यावे. मधल्या काळात सहल विसरली गेलेली असते, म्हणून डॉक्टरांना बागेचा उल्लेख आवर्जून करावा. बागेतून निघताना कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवावा. सापडलेली गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, पेटती उदबत्ती किंवा तंबाखूचे पाणी हे उपाय तिला आणखी लाळ सोडायला लावतात. गुरांसाठी आणलेले गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती विषबाधेची सरळ वाट आहे. पशुवैद्याने वजनानुसार दिलेली गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब नेमाने वापरावेत. घरातल्या भिंतींच्या फटी आणि खाटेचे कोपरेही पाहावेत, कारण ही जात अंगावरून उतरून भिंत चढते आणि एकेक मादी हजारो अंडी घालते.

बागेत फवारणी केव्हा झाली, हे गड्याला विचारल्याशिवाय कुत्रा सोडू नये. पानांवरचे औषध त्याच्या केसांना लागते आणि मग तो अंग चाटतो. संत्र्याच्या दोन-चार फोडी, साल आणि बिया काढून, दिल्या तर बिघडत नाही. द्राक्षे आणि बेदाणे मात्र एकही देऊ नये. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

प्रश्न : धुळवडीला कुत्र्याला थोडा नैसर्गिक रंग लावला तर चालेल का? — धंतोली

उत्तर : रंग आपल्यासाठी नैसर्गिक असला तरी कुत्रा तो चाटून पोटात घेतो, पळसाची फुले घरी उकळून काढलेला रंगही मी लावणार नाही. त्या दिवशी त्याला साडेसहालाच फिरवून आणावे आणि नंतर आतल्या खोलीत ठेवावे. थंडाईचे भांडे त्याच्या उंचीवर ठेवू नये. भांग पोटात गेलेला कुत्रा झोकांड्या खातो, त्याला लघवी आवरत नाही आणि घरातली मंडळी हसत त्याचे चित्रण करत बसतात. दरम्यान त्याचे तापमान आणि हृदयाचे ठोके उतरत असतात. भांग प्याला असेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. संकोचाने लपवल्यास उपचार चुकतात.

प्रश्न : मी कुत्रा पाळलेला नाही आणि पाळण्याची इच्छाही नाही. सत्तरीनंतर डॉक्टरांनी मला सकाळी चालायला सांगितले आहे. या दिवसांत सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर गर्दी वाढते आणि कित्येकजण कुत्रे मोकळे सोडतात. ‘तो काही करत नाही काका’ हे वाक्य मी रोज ऐकतो. घाण तर कोणीच उचलत नाही. आपल्या सदरात आमच्या बाजूनेही कधी लिहाल का? — एक ज्येष्ठ नागरिक

उत्तर : आपले म्हणणे सर्वथैव योग्य आहे आणि या अंकातले सर्वांत महत्त्वाचे पत्र आपलेच आहे. ‘तो काही करत नाही’ हे धन्याला ठाऊक असते, समोरच्याला नसते. शिवाय सत्तरीतल्या माणसाला पाडण्यासाठी चावावे लागत नाही; प्रेमाने अंगावर घेतलेली एक झेप पुरते आणि खुब्याचे हाड मोडते. सार्वजनिक रस्त्यावर कुत्रा पट्ट्यातच असावा आणि तो पट्टा दोन मीटरांहून लांब नसावा, अशी माझी स्वतःपुरती शिस्त आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेऊन, सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे आमच्यातील बरेचजण तावातावाने सांगतात. त्याच सूचनांमध्ये सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यात ठेवावा आणि त्याची विष्ठा साफ करावी, असेही सुचवले आहे, ते वाचायचे राहून जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होणार नाही याची काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

विष्ठेविषयी श्वानपालकांना सांगावेसे वाटते की जुने वर्तमानपत्र घडी करून खिशात ठेवायला काहीही खर्च येत नाही. विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि त्या मातीत मुले खेळतात. आपण, काका, त्या मंडळींना शांतपणे एवढेच म्हणावे की मला भीती वाटते. भीतीला कोणी वाद घालत नाही, नियमाला घालतात.

प्रश्न : माझी बीगल अडीच वर्षांची आहे. सकाळी गल्ली ओलांडतानाच चार-पाच मोकाट कुत्री धावून येतात, त्यामुळे आमची सहल कोपऱ्यावरच संपते. मी काठी घेऊन निघते, पण त्याने ती अधिकच चवताळतात. काय करावे? — एक वाचक, नंदनवन

उत्तर : काठी घरी ठेवावी. हिवाळ्यात जन्मलेली पिल्ले या दिवसांत गल्लीत खेळू लागलेली असतात आणि त्यांची आई आपल्या बीगलला घुसखोर समजते. काठी पाहून तिची खात्री पटते. ही कुत्री कोणत्या ओट्यापासून कोणत्या खांबापर्यंत आपली हद्द मानतात, हे दोन-तीन दिवस बीगलला न घेता, एकटीने चालून पाहावे. तेवढा टप्पा टाळणारी वाट निघत असेल तर लांबची असली तरी तीच धरावी. वाट नसेल तर बीगलला गाडीवर किंवा रिक्षाने तेवढा टप्पा पार करून न्यावे. यात कमीपणा काहीच नाही. समोरासमोर गाठ पडलीच तर धावू नये, बीगलला उचलून छातीशी धरू नये, कारण मग उड्या आपल्या अंगावर येतात. पट्टा सैल ठेवून, तिला आपल्या मागे घेऊन, त्या कुत्र्यांच्या डोळ्यांत न पाहता तिरक्या वाटेने निघून जावे. ती कुत्री नसबंदी न झालेली असतील तर महापालिकेकडे त्यासाठी तक्रार नोंदवावी. कान टोकाला कापलेला दिसला तर ती नसबंदी झाल्याची खूण समजावी.

इतके करूनही चावा बसला तर जखम, ती बीगलची असो वा आपली, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही भरू नये. बीगलची रेबीजची लस चालू असली तरी तिला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, आणि आपल्याला ओरखडा जरी गेला असेल तरी आपणही त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. दंडात घेतल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे असतात. पहिल्या तीन मात्रांनंतर बरे वाटते म्हणून पुढच्या चुकवणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यात आपण नसावे.

जाता जाता, लक्ष्मीनगरच्या वाचकांना लिहायचे राहून गेलेले : फिरून आल्यावर धापा थांबत नसतील, लाळ चिकट येत असेल आणि कुत्रा लडखडत असेल तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी गच्चीवरच्या टाकीचे पाणी वापरू नये, ते मार्चमध्येही अकरानंतर चटका देते. माठातले किंवा फ्रिजमधले पाणी पोटावर, काखेत आणि पंजांवर ओतत राहावे आणि त्याला कूलरसमोर आडवे करावे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, तो थोड्याच वेळात गरम होतो. तापमान १०३ पर्यंत उतरले की पाणी ओतणे थांबवून लगेच दवाखाना गाठावा, आणि निघतानाच फोन करून आपण येत असल्याचे कळवावे.